पाण्यातला निळा

“हे चित्र कुणी खराब केलं?” आप्पांनी विचारलं.

आम्ही मिरजेहून नुकतेच घरी आलो होतो. माझ्या एका हातात औषधांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातानं मी आप्पांचा दंड धरला होता. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आप्पांनी सोप्यात पाऊल टाकलं, चष्मा काढून खिशात घातला आणि भिंतीकडं बघत उभे राहिले.

“कोण खराब करंल? जिथं होतं तिथंच आहे. आधी चष्मा घाला,” मी म्हटलं.

“हळदीचा हात पुसल्यागत झालंय सगळं. हितं उदबत्ती लावायलीस काय तू?”

“सोप्यात कशाला लावू? देव आत आहेत.”

“मग एवढं पिवळं कशानं झालं?”

मी चित्राकडं बघितलं. मला ते रोज दिसायचं तसंच दिसत होतं. आप्पा मात्र नाक टेकेल इतके जवळ गेले. घाटाच्या शेवटच्या पायरीखाली जिथं पाणी सुरू होत होतं, तिथं त्यांनी बोट धरलं.

“आणि हा निळा? हा कुणी घातला?”

“तुम्हीच घातला असणार की. दुसरं कोण चित्रं काढतंय या घरात?”

“मी हितं निळा लावलेला नाही, त्रिशला,” आप्पा म्हणाले. “लावला असता तर मला ठाऊक असतं.”

आप्पा म्हणजे माझे सासरे, भूपाल मगदूम. कुरुंदवाडच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसायचे. आयुष्यभर त्यांनी नदीच काढली म्हणा ना. सकाळची काढली, पुराची काढली, पण जास्त करून संध्याकाळची. भिंतीवरचं हे त्यांचं शेवटचं चित्र. घाट, बांधून ठेवलेली एक नाव, पलीकडच्या काठावर बाभळी, आणि वर सूर्य बुडून गेल्यानंतरचं आकाश. माणूस एकही नाही. कोल्हापूरच्या एका प्रदर्शनात ते लावलं होतं तेव्हा लोक त्याच्यासमोर गप्प उभे राहायचे, असं शीतल उपाध्ये सगळ्यांना सांगत असे. शीतल आप्पांचा जुना विद्यार्थी आणि आता वाचनालयाचा कार्यवाह. वाचनालयाचं नवं सभागृह बांधून झालं होतं, रविवारी उद्घाटन होतं, आणि समोरच्या भिंतीवर हेच चित्र लागणार होतं. आप्पांनी ते स्वतःहून देऊ केलं होतं.

मी जयसिंगपूरची. आमच्याकडं भिंतीवर कॅलेंडर असायचं, चित्र नसायचं. त्यामुळं या घरात आल्यावर पहिली काही वर्षं मी चित्रांकडं नुसती फडक्यानं धूळ पुसण्यापुरतं बघत होते. या चित्राचं तसं नव्हतं. का नव्हतं ते पुढं येईल.

आप्पांना मोतीबिंदू नेमका कधी झाला, हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण ते कबूलच करत नव्हते. चहा बशीच्या बाहेर सांडायचे आणि बशी लहान आहे म्हणायचे. एकदा तर खुंटीवरच्या सन्मतीच्या कोटाला ‘या, बसा’ म्हणाले. सन्मती माझा नवरा. तो हसला, तर आप्पा पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलले नाहीत. मला दिसत नाही असं चित्रकारानं कोणत्या तोंडानं म्हणायचं, हेच त्यांचं दुखणं होतं. शेवटी जिन्यावरनं त्यांचा पाय घसरला. मग मात्र मी कुणाला न विचारता गाडी ठरवली आणि त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा नंतर करायचा होता.

आज त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली असतील.

त्या संध्याकाळी आप्पा खाटेवर आडवे झाले आणि मी त्यांच्या नव्या डोळ्यात थेंब घातले.

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंय न्हवं?” मी म्हटलं. “आतलं भिंग चहासारखं झालं होतं. तुम्हाला सगळं त्यातनंच दिसत होतं.”

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे पिवळा किती पडायलाय ते मला दिसतच नव्हतं,” ते म्हणाले. “पांढरा आणि पिवळा, दोन्ही एकच. मी आपला थापत बसलो.”

“संध्याकाळ आहे ती. पिवळंच असतंय.”

“एवढं नसतंय. संध्याकाळ होती म्हणून निभावलं. दुपारचं चित्र असतं तर शाळेतली पोरंसुद्धा हसली असती.” त्यांनी डोळ्यातून गालावर आलेलं औषध पुसलं. “लोक गप्प उभे राहायचे म्हणे. गप्पच राहतील. म्हाताऱ्याला तोंडावर काय सांगायचं?”

मला त्यांची कीव आली, आणि त्यांना ती चालणार नाही हे ठाऊक असल्यामुळं मी उठून स्वयंपाकघरात गेले.

पिवळ्याचं असं उत्तर मिळालं, पण निळ्याचं मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी शीतलला बोलावून घेतलं. चित्र पूर्ण झाल्यावर फ्रेम करायला तोच घेऊन गेला होता.

“खरं सांग, शीतल. हितं हात मारलास काय तू?”

शीतलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. चाळिशीच्या पुढचा माणूस तो, पण आप्पांसमोर अजून हात बांधून उभा राहायचा.

“सर, मी तुमच्या चित्राला हात लावीन?”

“मग हा निळा आला कुठनं?”

“पहिल्यापासनं आहे की तो. सर, वाचनालयासाठी मी हेच चित्र का मागितलं, सांगू? त्या निळ्यासाठी.”

“म्हणजे तुला दिसत होता.”

“सगळ्यांनाच दिसतोय, सर.”

हे शीतलनं बोलायला नको होतं. आप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीत ताठ बसले.

“रविवारच्या आत मी ते दुरुस्त करणार,” ते म्हणाले. “निळा खरवडून काढायचा आणि आकाश नव्यानं करायचं. गावाच्या भिंतीवर लागणार, ते मला दिसतंय तसं लागू दे.”

“सर, नका. आहे ते छान आहे.”

“छान तुला वाटतंय. तू माझाच विद्यार्थी. तुला दुसरं काय वाटणार?”

शीतल निघाला तेव्हा मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले. तो हळू आवाजात म्हणाला, “वहिनी, त्यांना हात लावू देऊ नका. एकदा खरवडलं की गेलं.”

“मी काय त्यांचे हात बांधून ठेवू?”

“काहीतरी करा.”

काहीतरी करा म्हणणं सोपं असतं. रात्री मी सन्मतीजवळ विषय काढला. तो साखर कारखान्यात हिशेबनीस. दमून आलेला.

“त्यांचं चित्र आहे. काय करायचं ते करू देत,” तो म्हणाला.

“अव्वा होत्या तेव्हाचं शेवटचं चित्र आहे ते.”

“अव्वा कुठं आहे त्यात? माणूस तरी आहे का एखादं?”

बरोबर होतं त्याचं. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई चंपाबाई, त्या चित्रात नव्हत्याच. पण ते काढलं तेव्हा त्या होत्या. रोज घाटावर जात होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या आणि आप्पांनी परत कुंचल्याला हात लावला नाही. ते खरवडणार म्हणून मला राग येत होता, आणि तो नक्की कशाचा, हे सन्मतीला सांगायला मला जमत नव्हतं. मी कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी थेंब घालायची वेळ झाली तेव्हा आप्पा चित्रासमोर खुर्ची मांडून बसले होते.

“त्रिशला, तुला ह्यात काय दिसतंय?”

“मला चित्रातलं काय कळतंय?”

“कळायचं सोड. दिसतंय ते सांग. शीतल मला घाबरतो, सन्मती दमलेला असतो. तू मला कधी घाबरली नाहीस.”

“घाबरत होते की. लग्न झालं त्या वर्षी.”

“थट्टा नको. सांग.”

मी त्यांच्या खुर्चीमागं उभी राहिले. असं कुणी विचारलं की माणूस शाळेतल्यासारखं काहीतरी बोलायला बघतं. मी पण बघितलं. मग म्हटलं, जाऊ दे.

“दिवस बुडलाय,” मी म्हटलं. “सूर्य चित्रात नाहीच. तरी उजेड आहे. घरात असते तर मी आता दिवा लावला असता, पण बाहेर असल्यावर अजून लागत नाही, ती वेळ आहे ही. बाभळी काळ्या झाल्यात. त्यांची पानं आता मोजता येणार नाहीत. आकाश अजून झोपलेलं नाही. जमिनीवर अंधार आधी येतोय आणि पाण्यावर उशिरा, असं वाटतंय.”

“पुढं.”

“घाटावर कुणी नाही, पण आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटतं. का ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. नाव हलत नाही. पाणी असेल तिथं एवढं शांत मला कुठं वाटत नाही, आमच्या विहिरीचीसुद्धा मला भीती वाटायची.”

“आकाश?”

“आकाश पिवळं आहे. जरा जास्तच आहे, आता तुम्ही म्हणताय म्हणून. आधी मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटायचं, त्या दिवशी तसंच असंल.”

आप्पांनी मान हलवली. दिसतंय ते सांग म्हणाले होते, म्हणून मग खरं बोलले.

“आणि पायऱ्यांच्या खाली तो निळा आहे. सगळं पिवळं बघत बघत नजर खाली येते आणि तिथं एकदम गार लागतं. पाय पाण्यात सोडल्यासारखं. अव्वा गेल्या तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि मला रडायलासुद्धा जागा नव्हती. मी केर काढायचं निमित्त करून या सोप्यात यायचे आणि तेवढ्या जागेकडं बघत उभी राहायचे. तुम्ही आकाश खुशाल बदला. ते खरवडू नका.”

आप्पांची नजर त्या निळ्यावरच होती. मी त्यांची मान मागं टेकवली आणि डोळ्यात थेंब घातला.

“गार लागतं ते खरं,” ते डोळा मिटून म्हणाले. “पण मी केलेलं नाही ते. जे मी केलेलं नाही त्याच्याखाली माझी सही राहणार आणि लोक माझं कौतुक करणार. ते मला चालत नाही.”

माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. मला हरल्यासारखं झालं.

शनिवारी सकाळी शीतल चित्र न्यायला येणार होता. शुक्रवारी सकाळी सन्मती कामावर जायच्या आधी आप्पांनी त्याच्याकडून चित्र भिंतीवरून उतरवून घेतलं आणि दुपारी मला हाक मारली.

“माळ्यावरचं पॅलेट काढ.”

“डॉक्टरांनी सांगितलंय…”

“वाकू नको, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. तुला न्हवं.”

मी शिडी लावली. पॅलेट अव्वांच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. फडकं मीच गुंडाळलं असेल की त्यांनी, मला आठवेना. उघडलं तर रंग तसेच होते, दगडासारखे वाळलेले. शेवटच्या दिवशी ते कुणी पुसले नव्हते.

इथं एक सांगितलं पाहिजे. पॅलेटवर रंग काढून देणं हे अव्वांचं काम होतं. लग्न झाल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येक रंगाची जागा ठरलेली. अंगठा घालायच्या भोकाजवळ पांढरा, तिथून ओळीनं बाकीचे. आप्पा पॅलेटकडं बघत नसत. नजर नदीवर, आणि कुंचला बरोबर हव्या त्या रंगात. आपण मिसळणाच्या डब्यात न बघता मोहरीत चमचा घालतो, तसं. दिसेनासं झाल्यावरसुद्धा त्यांना चित्र काढता आलं ते या सवयीमुळं.

“वाळलेलं खरवडून टाक आणि नवे त्याच जागांवर काढ,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. “अंगठ्यापासनं म्हणत जा. चुकलीस तर मी सांगतो.”

“पांढरा.”

“बरोबर.”

“पिवळा. त्याच्यापुढं भगवा. मग लाल.”

“पुढं अंबर.”

“अंबर म्हणजे कुठला?”

“गडद मातकट. नांगरलेल्या रानागत.”

“इथं निळा आहे.”

“निळा शेवटी. पार कडेला.”

“कडेला मातकट आहे, आप्पा.”

“नीट बघ.”

“नीटच बघायले. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.”

आप्पा उठले. चष्मा काढून त्यांनी पॅलेट माझ्या हातातून घेतलं आणि दारातल्या उजेडात नेलं. उजव्या डोळ्यावर तळवा धरून जुन्या डोळ्यानं बघितलं. मग डाव्यावर धरून नव्यानं बघितलं. मग परत. मी त्यांना आवरलं नाही.

“ह्या डोळ्याला दोन्ही काळेच दिसायलेत,” ते म्हणाले. “ह्याला एक निळा आणि एक माती.” थोड्या वेळानं म्हणाले, “चुकली असंल ती.”

“अव्वा?” मी म्हटलं. “एवढी वर्षं रंग काढून दिले त्यांनी. कधी एकदा तरी जागा चुकली होती का?”

“नाही.”

“मग शेवटच्याच दिवशी कशी चुकेल?”

आप्पा उंबऱ्यावर बसले. बसताना वाकले, तेही मी चालवून घेतलं. पॅलेट त्यांच्या मांडीवर होतं.

“आकाश झालं होतं,” ते सावकाश बोलू लागले. “घाट, बाभळी, सगळं झालं होतं. फक्त पाणी राहिलं होतं. आदल्या दिवशी मी पाण्याला लागलो. ती मागनं म्हणाली, अहो, पाणी असं गढूळ नाही दिसत. मी म्हणालो, चित्र मी काढायलोय का तू?”

“मग?”

“मग ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी मला रंग काढून दिले. मी अंबरच्या जागी कुंचला घातला, पांढऱ्यात कालवला आणि पायऱ्यांखालची सावली रंगवली. मला ती मातकटच दिसली. मी म्हणालोसुद्धा, बघ, कसं जमलं. ती म्हणाली, हो, आता जमलं.”

सोप्यात आम्ही दोघंच होतो. या बाईनं नवऱ्याला दिसत नाही हे कधीपासून ओळखलं होतं, आणि तसं त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं हेही तिला माहीत होतं. म्हणून तिनं दोन रंगांच्या जागा बदलल्या आणि गप्प बसली.

“मग आकाशाचं का नाही बोलली?” आप्पांनी विचारलं. मला विचारलं की अव्वांना, कोण जाणे.

“आकाश संध्याकाळी पिवळं चालतंय की,” मी म्हटलं. “एखाद्या दिवशी असतंय तसं. पण हिवाळ्यात नदीला गढूळ पाणी कसं चालंल? ते त्यांना बघवलं नसंल.”

आप्पांनी पॅलेट बाजूला ठेवलं.

“पण पाणी खरंच निळं असतंय का त्या वेळी?” ते म्हणाले. “का तिनं मनानंच घातलं? मला बघितलं पाहिजे. आज बघितलं पाहिजे. घाटावर ने मला.”

“धूळ जाईल डोळ्यात.”

“चष्मा घालतो.”

“आणि जेवण?”

दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा आमच्या घरचा नेम. अंधार पडल्यावर आप्पा पाणीसुद्धा तोंडात घालत नसत, अव्वाही घालत नसत. त्यामुळं संध्याकाळचं चित्र सुरू असलं की अव्वा डबा घेऊनच घाटावर जायच्या. आप्पांना वाढायच्या, स्वतः चार घास खायच्या, नदीत हात धुवायच्या, आणि मग उजेड असेपर्यंत बसायच्या. मी पण तसंच केलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही बांधून घेतलं, रिक्षा बोलावली आणि आप्पांना घाटावर घेऊन आले.

चित्र घरीच होतं, सोप्यात भिंतीला टेकवून. निळा खरवडायचा की नाही, हे अजून ठरलेलं नव्हतं. आप्पांनी चाकू सोबत घेतलेला नाही, एवढंच मी बघून ठेवलं होतं.

आम्ही पायरीवर बसून जेवलो. आप्पा भरभर जेवले. समोर सूर्य बाभळींच्या मागं उतरत होता, आणि आकाश खालून वर पिवळं होत गेलं. पाण्यानंही तोच रंग घेतला. म्हशी बाहेर काढून लोक घराकडं निघाले होते.

“हे मला दिसत होतं,” आप्पा म्हणाले. “हे मी काढलेलं बरोबर आहे. जरा भडक झालंय, पण चुकीचं नाही.”

“मी तेच म्हणत होते.”

“पाणी पण पिवळंच आहे. निळा कुठं आहे?”

“थांबा की जरा.”

सूर्य गेला. पिवळा हळूहळू पलीकडच्या काठाकडं सरकला आणि बारीक होत गेला. बाभळी काळ्या झाल्या. पायऱ्यांच्या खालचं पाणी आधी नुसतंच राखाडी झालं. मला धाकधूक व्हायला लागली. अव्वांनी मनानंच घातला असला तर हा माणूस रात्री कंदील लावून खरवडायला बसला असता. आप्पांनी चष्मा काढला. मी तो हातात घेऊन ठेवला.

मग ते निळं झालं. एकदम नाही. पांढऱ्या कपड्यांना नीळ घालताना बादलीत पाणी हळूहळू निळं होतं तसं. फक्त आमच्या पायांखालच्या पट्ट्यात. बाकी नदी अजून पिवळसरच होती.

आप्पांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, मग डाव्यावर. बराच वेळ ते तेच करत होते.

“ह्यानं माती,” ते म्हणाले. “ह्यानं निळं. डोक्यावरचं आकाश अजून निळं आहे, ते हितं खाली पडलंय. शाळेत पोरांना शिकवायचो मी हे. पाण्यात वरचं दिसतं, म्हणून.” त्यांनी हात खाली घेतला. “आहे गं. निळंच आहे.”

“आहे,” मी म्हटलं.

“उद्या शीतलला चित्र नेऊ दे.”

“आहे तसं?”

“आहे तसं. त्यात आता मी काही करायचं नाही.”

मला इतकं बरं वाटलं की मी रिकामा डबा दोनदा झाकण लावून बंद केला. मग आप्पांनी विचारलं, “ती कुठं बसायची?”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“मी नदीकडं बघत असायचो.”

मी अव्वांना बोलवायला कधीतरी घाटावर यायचे, त्यामुळं मला ठाऊक होतं. “तुमच्या मागं. वरच्या त्या पायरीवर.”

आप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात टेकवून चढले आणि त्या पायरीवर बसले. मी खालीच थांबले. तिथून त्यांना माझ्या डोक्यावरून पाणी दिसत असणार.

“मी म्हणायचो, रोज कशाला येतीस, कंटाळशील,” आप्पा म्हणाले. “ती म्हणायची, असू दे, तुम्हाला सोबत होते. मला वाटायचं, माझ्यासाठी येते.”

त्यांनी खाली पाण्याकडं बोट केलं.

“ती ह्याच्यासाठी यायची गं.”

मला रडू आलं. आप्पांना नाही आलं. ते अव्वांच्या पायरीवर बसून बघत होते, आणि पाण्यात निळा अजून होता.